आधी वही, मग अर्ज : जातीचा अपमान झाल्यावर लिहायचं कसं

पुण्यात भाड्याची खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "आडनाव काय तुमचं?" आडनावावरून उमगलं नाही तर "मूळ गाव कोणतं?" आणि तेवढ्यानंही भागलं नाही तर "नॉनव्हेज चालतं का तुमच्यात?" मला हे तिन्ही प्रश्न एकाच जिन्यात, एका दमात विचारले गेले होते. मालकीणबाई बोलायला गोड होत्या. चावी त्यांच्या हातात, दार अर्धं उघडलेलं, आतल्या ओट्यामागच्या पिवळ्या टाइल्स मला दिसत होत्या. माझं उत्तर ऐकून त्या म्हणाल्या, "अगं बाई, आत्ताच आठवलं, आमचा पुतण्या यायचाय राहायला." आणि दार ओढून घेतलं. मी म्हणाले, "बरं बरं, काही हरकत नाही." वर "थँक्यू"सुद्धा म्हणाले.

त्या बाईंचा राग महिन्याभरात ओसरला. थँक्यूचा राग दोन वर्षं टिकला.

पुढे मी एका वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारी मुलांबरोबर लिहायला बसायला लागले. दहावीपासून एमपीएस्सीपर्यंतची पोरं-पोरी येतात. बहुतेकांकडे असं एखादं दार, एखादा टोमणा, एखादी "तुमचं काय बाबा, कोट्यात होऊन जातं" असतंच. हा लेख पहिल्यांदाच असं काही लिहायला बसणाऱ्यांसाठी आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: मन मोकळं करायचं लिहिणं आणि न्याय मागायचं लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींचे वाचक वेगळे, भाषा वेगळी. नवखा माणूस दोन्ही एकाच कागदावर उतरवतो. मग तक्रार अर्जात रडणं येतं आणि वहीत "महोदय" येतं.

वही कुठली, ठेवायची कुठं

शंभर पानी, एकरेघी, साध्या पुठ्ठ्याची वही घ्या. महागाची डायरी घेऊ नका, तिच्यात चांगलं अक्षर काढावंसं वाटतं आणि तिथंच लिहिणं बिघडतं. मोबाईलवर लिहायला माझी हरकत नाही, पण घरातला मोबाईल चार हातांत फिरतो आणि रागाच्या भरात लिहिलेलं एका बोटानं गावभर जातं. कागदाला तेवढा वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्या फायद्याचा असतो.

वही लपवावी लागली तर लाज वाटून घेऊ नका. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या, आणि स्वतःचं लिहिणं मात्र घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. वर्षानुवर्षं असं लपवलेलं ते लिखाण पुढे 'स्त्री' मासिकातून आलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' या नावानं पुस्तक झालं. आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी वही तांदळाच्या डब्यामागे ठेवते. घरात तिच्याशिवाय तिथं कुणाचा हात जात नाही, म्हणाली.

वहीचे दोन भाग करा. पुढून लिहायचं ते मनाचं. वही उलटी करून मागून लिहायचं ती नोंद. दोन्ही मध्ये कधी भेटले नाहीत तरी चालेल.

पुढची पानं : चार दिवस, पंधरा-वीस मिनिटं

अमेरिकेतले जेम्स पेनेबेकर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात बोचणाऱ्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मात्र लिहून उठल्या उठल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. ही दुसरी गोष्ट मी मुलांना मुद्दाम आधीच सांगते. नाही तर पहिल्याच दिवशी रडू आलं की "मॅडम, आपल्याला नाही जमत" म्हणून वही बंद होते.

मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजेपर्यंत पेन उचलू नका. सुचलं नाही तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहा. शुद्धलेखन, परिच्छेद, चांगली भाषा, सगळं बाजूला. आणि घरात जसं बोलता तसंच लिहा. आमच्याकडचा नांदेडचा एक मुलगा आधी "मला अत्यंत अपमानास्पद वाटले" असं लिहायचा आणि कोरडाच उठायचा. एका रविवारी त्यानं आईशी बोलतो तसं लिहिलं आणि चौथ्या ओळीला थांबला. पाणी पिऊन आला, मग सहा पानं लिहिली. शाळेतल्या मराठीत माणूस निबंध लिहितो, रडायला घरची बोली लागते. शिव्या आल्या तर येऊ द्या, हे पान कुणी तपासणार नाही.

पहिल्या दिवशी काय झालं आणि त्या वेळी अंगात काय झालं, एवढंच. कान गरम झाले, हात थंड पडले, जीभ टाळूला चिकटली. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा, पण आधी राहून गेलेलं शोधत. तिसऱ्या दिवशी एक शब्द मुद्दाम वापरायचा: "कारण". पेनेबेकर यांच्या पुढच्या कामात दिसलं की लिहिता लिहिता ज्यांच्या लिखाणात कारणांचे आणि उमगल्याचे शब्द वाढत गेले, त्यांना लिहिण्याचा जास्त उपयोग झाला. माझं थँक्यू मला असंच उलगडलं. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं होतं: "मी थँक्यू म्हणाले, कारण मी आवाज चढवला असता तर त्या बाई म्हणाल्या असत्या, बघा, असलेच असतात हे लोक. म्हणजे त्या जिन्यात मी एकटी नव्हते, सगळ्या जातीची अब्रू डोक्यावर घेऊन उभी होते." हे कळल्यावर राग गेला नाही, पण तो माझ्यावरचा राहिला नाही.

चौथ्या दिवशी "मी"च्या जागी "ती" किंवा "तो" घालून तीच गोष्ट लिहा. गंमत वाटेल, पण दुसऱ्याची म्हणून वाचताना आपण त्या माणसाला कमी दोष देतो.

इथं थोडं थांबून सांगते, कारण असे उपाय सांगणारे हे सहसा सांगत नाहीत. या प्रकारच्या लिहिण्यावरचे १४६ अभ्यास २००६ मध्ये एकत्र तपासले गेले. फायदा दिसला, पण छोटा. शिवाय पेनेबेकर यांचे विद्यार्थी होऊन गेलेल्या घटनेबद्दल लिहीत होते. आपल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्याच ऑफिसात, त्याच टेबलासमोर बसायचं असतं. वही लिहून तुमची सोसायची ताकद वाढली आणि समोरचा तसाच राहिला, तर वहीनं निम्मंच काम केलं. म्हणून वहीला मागची बाजू लागते.

कधी लिहू नये हेही ऐका. मारहाण झाली असेल, घरातलं कुणी गेलं असेल, तर पहिले काही दिवस फक्त मागची पानं, म्हणजे नोंद. आत शिरायची घाई नको. लिहिताना अंग थरथरायला लागलं, दम कोंडला, तर वही मिटून उठायचं, गजराची वाट बघायची नाही. आणि जगू नये असं वाटत असेल तर आधी माणूस, मग वही. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा क्रमांक आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.

मागची पानं : नोंद

नोंद चोवीस तासांच्या आत व्हायला हवी. चार दिवसांनी आपली आठवण आपल्याच रागाची बाजू घ्यायला लागते.

एक नमुना दाखवते. बी.एस्सी.ला असलेल्या एका मुलानं पहिल्यांदा असं लिहून आणलं:

"प्रयोगशाळेत आमच्याशी नेहमी भेदभाव केला जातो. जातिवाचक बोलले जाते. यामुळे आमचे मानसिक खच्चीकरण होत आहे."

तीन वाक्यं, तिन्ही खरी, आणि एकाचाही उपयोग नाही. कोण बोललं? काय बोललं? नेहमी म्हणजे कधी? मी त्याला म्हटलं, तू कॅमेरा आहेस, मन घरी ठेवून आलायस, फक्त दिसलं आणि ऐकलं तेवढं सांग. तासाभरानं हे झालं:

"१४ ऑगस्ट २०२५, गुरुवार. सकाळी सव्वाअकरा. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, खिडकीकडचं दुसरं टेबल. मी ब्युरेट (द्रव मोजायची, तोटी असलेली काचेची नळी) मागितला. सहायक म्हणाले, 'स्कॉलरशिपवाल्यांनी फोडला तर भरणार कोण? तुमच्या वस्तीत वर्गणी काढणार का?' त्या वेळी टेबलाशी चौघं होते (नावं मागे लिहिली आहेत). दोघं हसले. एकानं मान खाली घातली. मला ब्युरेट दिला नाही. माझ्या शेजारच्याला त्यानंतर लगेच दिला. मी साडेअकराला बाहेर आलो."

मान खाली घालणारा तो एक जण पुढे महत्त्वाचा ठरला. त्याला ते लागलं होतं, आणि साक्ष द्यायला तोच तयार झाला. नोंदीत नसता तर तो आठवलाच नसता.

समोरचा जे बोलला ते शब्दच्या शब्द लिहा. "जातिवाचक शिवीगाळ केली" हे पोलीस ठाण्यातलं वाक्य आहे, पुरावा म्हणून पोकळ. नेमका शब्द कितीही घाण असला तरी तोच हवा. कुठं उभे होतात, दार उघडं होतं की बंद, आजूबाजूला कोण होतं, हेही लिहा. यामागे कायद्याचं कारण आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला सगळे नुसतं 'अ‍ॅट्रॉसिटी' म्हणतात, तो १९८९ चा. त्यातल्या कलम ३(१) मधल्या (आर) आणि (एस) या पोटकलमांत अपमान किंवा जातीवरून शिवी ही लोकांच्या नजरेसमोर, म्हणजे चार लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा जागी झालेली असावी लागते. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणीच नसताना झालेल्या बोलण्याला ही पोटकलमं लागू होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये उत्तराखंडच्या एका प्रकरणात म्हटलं. म्हणजे "जिन्यात शेजारची बाई पाण्याची बादली घेऊन उभी होती" हे साधं वाक्य प्रकरण उभं करू शकतं किंवा पाडू शकतं. (हा कायदा फक्त अनुसूचित जाती आणि जमातींसाठी आहे. इतर मागास किंवा भटक्या समाजातल्यांनी त्याच्या भरवशावर बसू नये, दुसरी कलमं वकिलाला विचारावी.)

"मला वाटलं" हे लिहायचंच असेल तर पानाच्या कडेला, वेगळ्या शाईनं. मेसेज आले असतील तर स्क्रीनशॉट काढाच, पण मूळ मेसेज पुसू नका. रागानं पुसतात आणि मग रडतात.

थोडं वाचा, पण लिहायला शिकण्यासाठी

आमच्याकडे नवी मुलं येताना कविता घेऊन येतात आणि कवितेत सूर्य असतो, मशाल असते, ज्वालामुखी असतो. मी त्यांना मुक्ता साळवेकडे पाठवते. ही फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली किशोरवयीन मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात धर्माला विचारलेला थेट सवाल आहे, तो सगळे सांगतात. मी मुलांना दुसरी जागा दाखवते: आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसतं, मग थंडी-पाऊस-वाऱ्यात त्यांचं काय होत असेल, असं ती विचारते. पावणेदोनशे वर्षं होत आली, ते छप्पर नसलेलं बाळंतपण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मशाल असती तर कधीच विझली असती.

दुसरा धडा बाबासाहेबांचा. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी वाचकाला कळावं म्हणून त्यांनी काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. त्यातली पहिली १९०१ मधली, मसूर स्टेशनची. नऊएक वर्षांचे भीमराव आणि त्यांचे भाऊ-भाचे वडिलांकडे गोरेगावला निघालेले. नवे कपडे, जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तरला वाटलं ब्राह्मणांची मुलं. जात कळली आणि तो मागे सरला. बैलगाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, पण गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूनं चालणार. बरोबर जेवणाचा डबा होता, पाणी मात्र कुठेच मिळेना, म्हणून भरल्या डब्यानिशी उपाशी झोपले. "मला अपमान वाटला" हे वाक्य दर परिच्छेदात येत नाही. टोपी, भाडं, डबा, पाणी. वाचणाऱ्याच्या घशाला कोरड पडते.

यातून एक सवय लावून घ्या. लिहून झालं की "अपमान", "वेदना", "शोषण", "व्यवस्था" हे शब्द शोधा आणि प्रत्येकाच्या जागी एखादी वस्तू बसते का बघा. बसली तर ठेवा. प्रत्येक ठिकाणी बसणार नाही, आणि काही ठिकाणी "शोषण" हाच शब्द नेमका असतो. पण दहातले सात गळतात.

अर्ज

आता दुसरं काम. अर्ज एका पानाचा. पहिल्या परिच्छेदात नोंद जशीच्या तशी, "मी" म्हणून. दुसऱ्यात परिणाम, पण मोजता येईल असा. "मानसिक खच्चीकरण" कापून त्या मुलानं लिहिलं, "त्या दिवसानंतर माझी तीन प्रात्यक्षिकं बुडाली." तिसऱ्यात मागणी. इथं बहुतेक जण "योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती" लिहितात. हे वाक्य साहेबांच्या फार आवडीचं, कारण "योग्य ती" काय हे तेच ठरवणार. काय हवं ते लिहा: चौकशी कोणी करायची, माझं म्हणणं लेखी घ्या, पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. शेवटी "आपला नम्र" चालेल, "आपला आज्ञाधारक" नको. हे माझं वैयक्तिक मत, भांडणार असाल तर भांडा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. "साहेब आले की देतो", "इथंच ठेवून जा", "पोच लागत नाही, आपलेच आहोत आपण" ही तिन्ही वाक्यं ऐकायला मिळतील. हसून उभं राहायचं. घेतलाच नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवायचा आणि पावती वहीला टाचून ठेवायची. महिनाभर काही हललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपये, आणि महाराष्ट्रात दीडशे शब्द, एकच विषय. "माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय झालं, त्याच्या टिपणीची प्रत द्या." दीडशे शब्दसुद्धा जास्त होतात.

पोलीस ठाण्यात गेलात तर फिर्याद तुम्ही तोंडी सांगता आणि लिहितो दुसराच. तिथं तुमची वाक्यं बदलतात. "तो माझ्या अंगावर धावून आला"चं "बाचाबाची झाली" कधी होतं कळत नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे लिहून घेतलेली माहिती सही घेण्याआधी तुम्हाला वाचून दाखवणं आणि तिची प्रत लगेच देणं हे त्या अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. ते मुद्दाम टाळलं तर तो गुन्हा ठरू शकतो. म्हणून सही करण्याआधी शांतपणे म्हणायचं, "साहेब, वाचून दाखवा." आपली नोंद हातात धरून ओळीला ओळ जुळवायची. गुन्हा दाखल करून घेतच नसतील तर तीच माहिती लेखी, टपालानं, पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. अत्याचाराच्या तक्रारींसाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. एकट्यानं जाऊ नका. बरोबरचा माणूस बोलणारा नसला तरी चालेल, नुसता बसून राहणारा हवा.

चारचौघांत लिहायचं असेल तर

सगळ्यांनी जाहीर लिहिलंच पाहिजे असं नाही. वही वहीतच राहिली तर तुम्ही भित्रे ठरत नाही. पण लिहायचं ठरवलं असेल तर वाचक कोण ते आधी ठरवा. जयंतीच्या मंडपातल्या लोकांना जात काय हे सांगायचं नसतं, त्यांना "पुढं काय करायचं" हवं असतं. सोसायटीच्या ग्रुपवरच्या लोकांना मात्र "जात आता कुठे राहिलीय" असंच वाटत असतं, तिथं जिना आणि चावी लागते. एकाच लेखात दोघांना गाठायला गेलात तर दोघंही उठून जातात.

समोरच्याचा कागद समोरच्याविरुद्ध वापरायला शिका. ही युक्ती मी अमेरिकेतल्या आयडा वेल्स यांच्याकडून घेतली. १८९२ मध्ये मेम्फिसमध्ये त्यांच्या तीन मित्रांना गोऱ्या जमावानं ठार मारलं. त्यांनी त्यावर लिहिलं तर त्यांच्या वर्तमानपत्राचं कार्यालय उद्ध्वस्त केलं गेलं. त्यानंतर १८९५ च्या पुस्तिकेत त्यांनी अशा हत्यांचे आकडे मांडले ते गोऱ्यांच्याच 'शिकागो ट्रिब्यून'मधले. काळ्या बाईनं बनवलेले आकडे म्हणायला जागाच उरली नाही. आपल्याकडेही खोल्यांच्या जाहिराती, गृहसंस्थेचे ठराव, लग्नाच्या जाहिरातींतलं "एससी एसटी क्षमस्व" हे सगळं छापील असतं. कापून वहीत चिकटवा.

अमेरिकेकडे बघणं आपल्याला नवं नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे नेलेल्या अर्जाची प्रत मागवली. म्हणजे तिथल्या लढाईचा अर्ज कसा लिहिलाय ते त्यांना बघायचं होतं! १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरनं तर नावच तिकडून घेतलं. आणि उलट वाट म्हणाल तर २१ फेब्रुवारी २०२३ ला सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेनं भेदभावविरोधी कायद्यात जात घातली, अमेरिकेतलं असं पहिलं शहर. मतदानाआधी लोकांनी परिषदेपुढे एकामागून एक आपले अनुभव सांगितले. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना माझा सल्ला एवढाच: अशा ठिकाणी वेळ मोजून मिळतो, म्हणून एकच प्रसंग घ्या आणि आरशासमोर मोठ्यानं वाचून बघा. सव्वाशे-दीडशे शब्दांच्या आत बसवा.

दुसऱ्याची गोष्ट लिहिताना विचारा. आईचीसुद्धा. मी एकदा आईच्या शेतमजुरीतला एक प्रसंग तिला न विचारता छापला. ती म्हणाली, "माझं उघडं पडलेलं तू दुकानात मांडलंस की." बरोबर होतं तिचं. नाव बदलून भागत नाही, गाव आणि काम दोन्ही दिलं की माणूस ओळखू येतो.

आणि सवर्ण घरातून आलेल्यांनी, ज्यांना मनापासून लिहायचं आहे त्यांनी, आमचं दुःख लिहू नये असं मी म्हणणार नाही, पण सुरुवात स्वतःच्या घरातून करावी. मोरीच्या फळीवर ठेवलेला कानतुटका कप कुणासाठी होता? आजी कुणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची? पहिल्यांदा ते खटकलं तेव्हा तुम्ही काय बोललात, की नाहीच बोललात? हे आम्हाला लिहिता येत नाही, आम्ही त्या कपाच्या दुसऱ्या बाजूला होतो.

छापायच्या आदल्या रात्री लेख उशाशी ठेवून झोपा. सकाळी घरच्यांना सांगा, कारण पहिला फोन त्यांना येतो. प्रतिक्रिया वाचायचं काम मैत्रिणीकडे द्या. तिनं कामाच्या तेवढ्या सांगाव्या, धमक्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावे, बाकीच्या तिथंच सोडाव्या. बाबासाहेबांचा 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला तेव्हा त्याच्या माथ्यावर तुकोबांचा अभंग होता: "काय करूं आतां धरुनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥" आमच्या अभ्यासिकेत तो खडूनं लिहिलेला आहे. कुणी तरी त्याखाली "पोच घ्या" असं लिहून ठेवलंय.

ब्युरेटवाला मुलगा परवा आला होता. पोचेची प्रत वहीत, चौकशीत त्याचं म्हणणं लेखी घेतलं गेलंय, निकाल यायचाय. प्रयोगशाळेत परत जायला लागलाय. मी विचारलं, "मिळाला का रे ब्युरेट?"

"मिळाला," म्हणाला. "पण तोटी गळते त्याची. तारखेसकट लिहून ठेवलंय."